स्नेही सभासद

माझ्या या जोडीदाराबद्दल लिहिता हात असलेल्या कुणीतरी लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी.

हे आणि मी, दोघेही कवळ्या करणारे. एकाच खिडकीखाली दोघांची टेबलं. ते मेणात दात बसवायचे, मी पॉलिश करायचो. आमच्या कवळी-कारागिरांच्या संघटनेत त्यांना सगळे ‘उपसूचना’ म्हणत. वार्षिक सभेत कुठलाही ठराव आला की हे उठलेच, “माझी एक उपसूचना आहे.” मागून कुणीतरी ओरडायचं, “चहा परत गरम करायला ठेवा रे!”

पण माणूस खरं बोलायचा. संघटना सभासदांची, आणि सभासदांच्या वाट्याला काय, तर अध्यक्षांचे सत्कार. अध्यक्षांनी धंदा कधीच गुंडाळला होता, खुर्ची तेवढी सुटत नव्हती. हे म्हणायचे, “ज्याच्या हाताला काम नाही, त्याला मत नको. आणि आमच्या वर्गणीतून आम्हालाच नवं काहीतरी शिकवा.”

यंदा अध्यक्ष स्वतःच म्हणाले, “करू या फेररचना. मसुदा तुम्हीच लिहा.” हे हरखून गेले. सगळे रविवार त्यात घातले. वहिनी म्हणायच्या, “मोरीतला नळ गळतोय, त्याच्यावरही एक समिती नेमा.”

मसुदा अध्यक्षांनी छापून आणला, सभेत प्रती वाटल्या. जन्मभर दुसऱ्यांचा प्रत्येक शब्द तपासणाऱ्या या माणसाने ती प्रत उघडलीसुद्धा नाही. आपलंच लेकरू, त्याचं काय तोंड बघायचं? पहिला हात यांचा वर. त्यांचं बघून माझा. ठराव एकमताने मंजूर.

मग प्रशिक्षणाचा विषय निघाला. हे उठले. “माझी एक उपसूचना...”

“बसा,” अध्यक्ष म्हणाले. “स्नेही सभासदांना सभेत बोलता येत नाही.”

“स्नेही कोण?”

“शेवटचं पान बघा. संगणकावर दात करतो तो कार्यरत. हाताने करणारे स्नेही. ज्याला काम नाही त्याला मत नाही, हे कलम तर तुमचंच.”

त्याच पानावर, त्याच्याच खाली, अध्यक्ष तहहयात मार्गदर्शक झाले होते. या वेळी चहाबद्दल कुणी ओरडलं नाही. हे बसले.

घरापर्यंत मी सोबत गेलो. दार उघडताच वहिनींनी विचारलं, “काय मग, बोललात का?”

“नाही. अध्यक्ष बोलले.” त्यांनी चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. “एक शब्द अडखळला नाही त्यांचा. कवळी छान बसलीय. मी केलेली.”