अप्पांनी गाळलेल्या ओळी

मी निपाणी सोडली त्या सकाळी आईनं माझ्या हातावर दही ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. मोटार स्टँडवर पोचवायला अप्पा आले. बेळगावपर्यंत मोटार, तिथून बंगळुराची गाडी. ट्रंक टपावर चढवताना अप्पा हमालाशी उगीचच वाद घालत होते, एरवी ते कुणाशी भांडायचे नाहीत. आमचे अप्पा प्राथमिक शाळेत मास्तर. मी ट्रेनिंग कॉलेजात जावं, मास्तरीण व्हावं आणि फावल्या वेळात कविता कराव्यात, असा त्यांचा बेत होता. मी नर्सिंगला नाव घातलं. काकू वर्षभर अंथरुणाला खिळून होती, पडून पडून तिच्या पाठीला जखमा झाल्या आणि त्या जखमांनीच ती गेली. तिची पाठ कशी राखायची हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. ते शिकायला कुठेतरी जायला हवं, असं मला वाटलं. एवढंच कारण होतं. लोकांना ते पटायचं नाही. कुणी म्हणालं लग्न जमत नसेल, कुणी म्हणालं डोकं फिरलंय.

आईचं म्हणणं आदल्या दिवशीच सांगून झालं होतं. "तुला काय शिकायचं ते शीक. पण आमच्या घरात दवाखान्याचं काही बोलायचं नाही."

निपाणीत मागे राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखेच कुठे कुठे निघून गेलेल्यांनो, तुम्हालाही घरातून निघताना असं काहीतरी बजावलं गेलं असेल. मी ते बरीच वर्षं पाळलं.

बंगळुरात माझी पहिली फजिती कानडीनं केली. निपाणीच्या बाजारात मी फाडफाड कानडी बोलायची. इथं वॉर्डात तोंड उघडलं की पेशंट एकमेकांकडे बघून हसायचे. आमची कानडी त्यांना भांडल्यासारखी वाटायची म्हणे. हॉस्टेलात माझ्या खोलीत मरियम्मा होती, त्रावणकोराकडची. तिचीही कानडी तुटकीच. आम्ही दोघी मिळून एक वाक्य पुरं करायचो. हसू आलं तरी पेशंट दुखणं विसरतो, असं ती म्हणायची, आणि त्यात तथ्य होतं.

ट्रेनिंग संपल्यावर त्याच हॉस्पिटलात नोकरी लागली आणि मी मल्लेश्वरमला खोली घेतली. घरमालकीण रखमाक्का. त्यांचे पूर्वज कधी काळी कापड घेऊन इकडे आले आणि इथलेच झाले. घरात बोलायचे मराठी, पण तीत कानडी इतकी मिसळलेली, की ऐकताना मला आधी कान टवकारून बसावं लागे. "स्वल्प बस गं, कॉफी घे, मग जा की," हे त्यांचं रोजचं. त्यांना देवनागरी वाचता यायची नाही. मी त्यांना एकदा कविता वाचून दाखवली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "सरी आहे, ठीक आहे. पण एवढी उदास का गं? जेवलीस ना?" त्या काळात माझ्या कवितेवर आलेला हा सगळ्यात प्रामाणिक अभिप्राय. मासिकांचे संपादक इतकं स्पष्ट लिहीत नसत.

कविता मला वॉर्डातच सुचायच्या. मेजावर बसून, पेन हातात घेऊन मला कधी काही सुचलं नाही. आमच्याकडे फार दिवस पडून असलेल्या पेशंटांची पाठ सकाळ-संध्याकाळ करायची असे. आधी साबणाचं पाणी, मग कोरडं पुसणं, मग तळहातावर स्पिरिट घेऊन गोल गोल चोळणं, शेवटी पावडर. हात गोल फिरायला लागला की डोक्यात शब्द फिरायला लागायचे. एका पाठीला एक ओळ जमायची, पुढच्या पाठीला ती दुरुस्त व्हायची. वॉर्डाच्या टोकाला पोचेपर्यंत कडवं तयार. माझे ओठ हलत असत, हे मला ठाऊक नव्हतं. मेट्रन अँग्लो-इंडियन, फार कडक. एकदा सगळ्यांना रांगेत उभं करून त्यांनी माझं कौतुक केलं, की ही मुलगी प्रत्येक रोग्यासाठी प्रार्थना करते, तिच्याकडून शिका. मरियम्माला खरं सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. नंतर मात्र म्हणाली, मेट्रनचं फारसं चुकलेलं नाही.

त्या कविता मराठी मासिकांतून छापून येऊ लागल्या. तिकडे निपाणीत अप्पांना कोण अभिमान. आलेला अंक ते संध्याकाळी सोप्यात बसून आईला मोठ्यानं वाचून दाखवत. आईला अक्षरओळख नव्हती. आपली मालू कवी झाली, हे तिला अप्पांच्या आवाजातूनच कळायचं.

एकदा रजेवर घरी गेले असताना मी आत तांदूळ निवडत होते आणि बाहेर अप्पा माझी कविता वाचत होते. पहिल्या दोन ओळी माझ्या होत्या. पुढे एकदम ढगाआडचा चंद्र आला आणि घरट्यात निजलेली पाखरं आली. माझ्या आयुष्यात मी पाखरांवर ओळ लिहिलेली नाही. मी दाराआडून ऐकत राहिले. अप्पांनी स्पिरिट गाळलं होतं, पाठ गाळली होती, सगळा वॉर्डच गाळला होता, आणि खड्डा दिसू नये म्हणून तिथं स्वतःच्या ओळी भरल्या होत्या. मास्तर माणूस, वृत्त मात्र चोख सांभाळलं होतं. आई म्हणाली, गोड लिहिते मालू.

मला राग आला. एखाद्यानं आपल्या अंगावरचं लुगडं फेडून दुसरं नेसवावं आणि वर म्हणावं बघा कशी छान दिसते, तसा राग. पण घरात दवाखान्याचा विषय काढायचा नाही हे ठरलेलं होतं, आणि अप्पा त्या नियमानंच वागत होते. मी तांदूळ निवडून संपवले. बंगळुराला परत आले आणि पुन्हा कविता पाठवत राहिले. आई मात्र तिकडे भलत्याच मुलीच्या कविता ऐकत होती.

असं चालत राहिलं असतं. पण परसात शेवाळावरून पाय घसरून आई पडली आणि खुब्याजवळ मांडीचं हाड मोडलं. बेळगावच्या डॉक्टरांनी बंगळुराला न्या म्हणून सांगितलं. तोवर राज्यांची फेररचना होऊन निपाणीसकट आम्ही सगळे म्हैसूर राज्यात आलो होतो, त्यामुळे अप्पांच्या मते आता बंगळूर परकं राहिलं नव्हतं. आईला गाडीत आडवी घालून आणलं. माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच वॉर्डात तिला खाट मिळाली. पायाला वजन बांधून ओढ दिली. हाड जुळेपर्यंत काही आठवडे असंच उताणं राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांची सोय रखमाक्कांकडे झाली.

पहिल्याच सकाळी मी पाण्याचं भांडं घेऊन आईच्या खाटेशी गेले. तिनं माझ्या टोपीकडे पाहिलं, भांड्याकडे पाहिलं.

"भेटायला आली असशील तर बस," ती म्हणाली. "ड्यूटीवर असशील तर दुसरीकडे जा."

मी समजावून पाहिलं. उपयोग झाला नाही. मरियम्मा आली तर तिला ती सगळं करू द्यायची. बेडपॅन, अंग पुसणं, वेणी, काही कुरकुर नाही. दोघी तुटक्या कानडीत गप्पा मारायच्या. मी दहा खाटा पलीकडे कुणा अनोळखी बाईची पाठ चोळत असायची आणि मला त्यांचं हसू ऐकू यायचं. मला वाटायचं, हे आईचं सोवळं. रोज जन्ममरणात हात घालणाऱ्या मुलीचा हात तिला नको. या विचारानं मी आतून जळत होते, आणि बाहेरून सिस्टर म्हणून शांत होते. दोन्ही एकाच वेळी जमतं, आम्हाला शिकवलेलंच असतं.

मग मरियम्माची बदली ऑपरेशन थिएटरला झाली. नवीन पोरी घाईच्या. आईला हलवलं की कळ यायची, म्हणून ती आज राहू दे म्हणायची, आणि त्या राहू द्यायच्या. जाण्याआधी मरियम्मानं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की माकडहाडावर लाली दिसते आहे, लक्ष ठेव. लक्ष कसं ठेवणार? आई मला चादरीला हात लावू देत नव्हती. आमच्या धंद्यात त्या लालीचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. आज लाली असते, मग कातडी फुटते, त्या वयात जखम हाडापर्यंत जायला वेळ लागत नाही. हाड जुळलं आणि माणूस पाठीनं गेलं, असं मी पाहिलेलं होतं. काकूचं तोंड माझ्या डोळ्यापुढून हलेना. एवढं शिकून मी आईच्या खाटेजवळ नुसती उभी होते.

अशातच एक दिवस चार वाजता भेटीच्या वेळेला अप्पा आले. आईचं मन रमावं म्हणून त्यांनी नवा अंक आणला होता. माझी ड्यूटी संपली होती, म्हणून मीही खाटेच्या पायाशी बसले. आई म्हणाली, वाचा की. अप्पांनी चष्मा लावला आणि माझ्या समोर बसून, जराही न अडखळता, पुन्हा तेच केलं. पहिल्या ओळी माझ्या, मग चंद्र, मग काहीतरी फुलांचं.

मी त्यांच्या हातातून अंक घेतला. दवाखान्याचं बोलायचं नाही ते आमच्या घरात, आणि हे आमचं घर नव्हतं. छापलं होतं तसं मी वाचलं:

*तिची पाठ धुतली, पुसली,*
*स्पिरिट चोळलं, पावडर लावली,*
*कूस बदलून दिली.*
*माझ्या आईची पाठ*
*मी अजून पाहिलेली नाही.*

आईनं अप्पांना विचारलं, "मग तो चंद्र?"

अप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला. "तो माझा," ते म्हणाले.

आई हसली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "इथं येईपर्यंत मला वाटायचं तू गोळ्या देतेस. लोकांचं हे सगळं करतेस आणि वर लिहितेस?" मी हो म्हणाले. ती म्हणाली, "मला लाज वाटते गं. पोटच्या पोरीला कसं दाखवायचं? मरियम्माला कुठे मी लहानाची मोठी केली?"

इतके दिवस मी त्याला सोवळं समजत होते. ती लाज होती, साधी, आईची. मला त्या क्षणी रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. टोपी डोक्यावर नव्हती, त्यामुळे चालण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा भांडं घेऊन गेले. फार आशा नव्हती. पडदे ओढले. खाटेच्या चौकटीला वर एक कडी टांगलेली असते, पेशंटनं तिला धरून स्वतःला उचलायचं. आईनं तिला आजवर हात लावला नव्हता. तिनं दोन्ही हातांनी ती कडी धरली, दात आवळले आणि अंग गादीवरून उचललं.

"बघ," ती म्हणाली.

मी हात खाली सरकवला, वाकले आणि पाहिलं. आईची पाठ तिच्या हातांपेक्षा खूप गोरी होती. चोळीच्या काठाचा काचलेला वण होता, डाव्या बाजूला तीळ होते, माझ्याही त्याच बाजूला आहेत. माकडहाडावर लाली होती, कातडी फुटायच्या बेतात, पण फुटलेली नव्हती. मी धुतलं, पुसलं, स्पिरिट घेतलं. ती हात टेकून दम घ्यायची, पुन्हा उचलायची. डोक्यात एकही शब्द नव्हता. हात नुसते काम करत होते, आणि मला वाटतं माझ्या सगळ्या नोकरीतलं ते सगळ्यात नीट झालेलं काम.

पावडर लावून होत आली तेव्हा आई म्हणाली, "कवितेचा तो शेवट आता खोटा झाला की. काढून टाक."

लाली हळूहळू उतरली. रोज दोन वेळा मीच पाठ करायची. त्या वेळात ती मला वॉर्डातल्या एकेका बाईचं विचारायची, ही कुठली, तिला काय झालंय, तिच्याकडे कुणी येतं का. एकदा म्हणाली, त्या कोपऱ्यातल्या बाईचं आधी कर, ती बिचारी बोलत नाही. काठी घेऊन ती चालायला लागली तेव्हा अप्पांनी विषय काढला, की आता निपाणीलाही दवाखाना होतोय, मालूनं परत यावं. उत्तर आईनं दिलं. तिचं इथं काम आहे, असं म्हणाली, आणि अप्पांना ट्रंक बांधायला लावली.

मी इथंच राहिले. माझं गाव कुठलं म्हणाल तर निपाणी. रेशन, पत्ता, कॉफी, भांडण, सगळं मल्लेश्वरमचं. घर कुठे, या प्रश्नाला मात्र माझ्याकडे एका शब्दाचं उत्तर नाही. आई-अप्पा दोघंही आता नाहीत, आणि सोप्यात दुसऱ्याच कुणाचा संसार आहे.

संग्रह निघायचा ठरला तेव्हा मी ती कविता आईनं सांगितल्याप्रमाणे दुरुस्त केली. ती आता 'कूस बदलून दिली'वर संपते. पुण्याच्या प्रकाशकांचं पत्र आलं, की ही कविता अर्धवट वाटते, छापताना शेवट राहिला आहे का, असल्यास कळवावा. मी उलट टपाली कळवलं, राहिलेला नाही, तो आमचा घरचा आहे, घरीच ठेवला.