त्याचं पार्लमेंट

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शाखेतली ती जागा कंपनीनं आधी मला देऊ केली होती. थंडी जास्त, आपली माणसं कमी, म्हणून मी इंग्लंडमधली कॉव्हेंट्री सोडली नाही आणि पुण्यापासूनच्या माझ्या मित्राचं नाव पुढे केलं. हे मी त्याला येता-जाता ऐकवायचो.

स्कॉटलंडला काही वर्षांपूर्वीच स्वतःचं पार्लमेंट मिळालं होतं. तो तिकडे गेला आणि रविवारच्या फोनवर त्याचीच चर्चा सुरू झाली. "अरे, खालच्या मजल्यावरच्या आजोबांना अंघोळ घालायला माणूस येतो, फुकट. आमच्या पार्लमेंटनं ठरवलंय." एकदा तर तो तिथल्या प्रेक्षक गॅलरीत बसून कामकाज बघून आला. "कुणी अडवलं नाही. शेजारी एक बाई विणत बसली होती."

माझ्या शेजारच्या आजींनी त्याच सुमारास केअर होमच्या खर्चासाठी राहतं घर विकायला काढलं होतं. इंग्लंडला वेगळं पार्लमेंट नाही, आमचं सगळं लंडनमध्ये ठरायचं. आम्ही दोघं पुण्याहून एकाच विमानानं आलो आणि पार्लमेंट त्याला मिळालं, मला नाही. चाळिशीच्या माणसानं यावर जळावं हे हास्यास्पद आहे, पण मी जळत होतो.

दोन हजार सातच्या सुरुवातीला त्यानं विचारलं, "मतदार नोंदणीचा फॉर्म आलाय. आपला पासपोर्ट भारताचा. चालतं का रे? तू सगळ्यांचे फॉर्म भरून देतोस, तुला माहीत असेल."

मला माहीत होतं. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला इथं मत देता येतं. कॉव्हेंट्रीच्या यादीत माझं नाव तीन वर्षं होतं. मी म्हणालो, "व्हिसावर आहेस. उद्या पर्मनंट रेसिडेन्सीच्या वेळी कुणी विचारलं तर? नसती भानगड कशाला."

व्हिसाचं नाव काढलं की आपल्यातलं कुणी पुढे प्रश्न विचारत नाही. त्यानं फॉर्म फाडून टाकला.

मे महिन्यात, मतदानाच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"आजोबांना मतदानाला घेऊन गेलो होतो. ते म्हणाले, तूही दे. मी म्हटलं, मला मत नाही. तर म्हणे, तुला कुणी सांगितलं? तिथल्या बाईनं यादी पाहिली. आधी नाव घालायला हवं होतं म्हणाली. मग आजोबा आत गेले, मी त्यांची टोपी धरून दारात उभा."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुझी चूक नाही रे. तुला तरी कुठून माहीत असणार? तुमच्याकडे असलं काही नाहीच."

आमच्याकडे त्याच दिवशी कौन्सिलची, म्हणजे इथल्या पालिकेची, निवडणूक होती. सकाळी ऑफिसला जाताना मी मत देऊन आलो होतो. पोलिंग कार्ड फोनशेजारीच पडलं होतं.

"हो ना," मी म्हणालो.

पुढची निवडणूक यायच्या आत वडिलांच्या आजारपणामुळे तो पुण्याला परतला, कायमचा. खरं काय ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. फोनवर तो आजही "आमचं पार्लमेंट" म्हणतो, आणि माझ्या तोंडून हटकून निघतं, "तुझं कसलं? तू तर एकदा मतही दिलं नाहीस."