एडनाबाईंची दहा मिनिटं

बातमी आली तेव्हा मी दुबईत, जबल अलीच्या गोदामात होतो. मुलीचा, सईचा मेसेज होता : "बाबा, मिस एडना पास्ड अवे. कॉल मी." तो वाचला, समोर उभ्या असलेल्या ड्रायव्हरच्या गेटपासवर सही केली आणि मग पुन्हा वाचला. सई आता कॅनडात शिकते. बाईंच्या जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, त्यामुळे तिला तिकडे माझ्याआधी कळलं. बाई रास अल खैमाला लेकीकडे होत्या, माझ्या घरापासून फार तर सव्वा तास. येत्या रविवारी जाऊन येऊ, असं मी बायकोला आठ महिने सांगत होतो… "तू दिवस नक्की कर, मी डबा करते," असं ती म्हणायची. डबा काही झाला नाही. बाई जाऊन आता महिना होऊन गेला.

एडना व्हिटलॉक हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. अमेरिकेतही फारसं कुणी ऐकलेलं नाही, असं त्या स्वतःच हसत सांगत. मक्याच्या शेतांतल्या एका गावातून एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कला गेल्या, हॉटेलात बश्या उचलल्या आणि चार वर्षांनी एका नाटकात मुख्य भूमिका मिळाली. नवऱ्यामागे खानावळ चालवणारी बाई. शेवटच्या प्रवेशात ती गिऱ्हाइकांना सांगते, की उद्यापासून खानावळ बंद. सलग दहा मिनिटं एकटीचं बोलणं. आठवड्याला आठ प्रयोग, अशी दोन वर्षं. मग त्याचा सिनेमा झाला आणि ती भूमिका एका नावाजलेल्या नटीकडे गेली. बाईंना कोपऱ्यातल्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाचं काम देऊ केलं, चार वाक्यांचं. "घेतलंत?" मी विचारलं होतं. "घरभाडं होतं ना," त्या म्हणाल्या. पुढे पडद्यावर त्या नर्स झाल्या, शेजारीण झाल्या, एका मालिकेत सहा वर्षं आत्या झाल्या. पण त्या दहा मिनिटांचं चित्रीकरण कुठेच नव्हतं. ज्यांनी ती पाहिली होती, ते एकेक करून जात होते.

नवरा गेल्यावर लेक केरन त्यांना इकडे घेऊन आली. रास अल खैमाची शांतता बाईंना दोन महिन्यांत खायला उठली. त्यांनी दुबईतल्या एका शाळेत मुलांची नाटकं बसवायचं काम धरलं आणि देराच्या जुन्या, गजबजलेल्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. अमेरिकन बाई आणि देरात, आम्हाला गंमत वाटायची. "खाली उतरलं की माणसं दिसतात," एवढंच त्यांचं उत्तर. सई त्यांच्या हाताखाली आली तेव्हा नऊ वर्षांची होती आणि स्टेजवर गेली की तिचे हात लाकडाचे व्हायचे. बाईंनी तिला आमच्याच स्वयंपाकघरात मटार सोलायला बसवलं आणि सोलता सोलता संवाद म्हणायला लावले. हात गुंतले की जीभ सैल सुटते, म्हणे. त्या महिन्यात आम्ही मटाराचं काय काय खाल्लं, ते विचारू नका. आपल्याकडे थोर नटीला नुसतं 'बाई' म्हणतात, असं मी एकदा सांगितलं आणि तेव्हापासून त्या आमच्या एडनाबाई झाल्या. फोन उचलला की स्वतःच म्हणायच्या, "बाई बोलतेय."

आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्यांचा सत्कार करायची कल्पना माझी. सत्कारानंतर त्यांनी तो प्रवेश करावा, हेही मीच सुचवलं. त्यांनी आधी विचारलं, "रेकॉर्ड करता तुम्ही?" म्हटलं, करतो की, व्हिडिओवाला असतो आमचा. तीन आठवडे त्यांनी तयारी केली. एकदा गेलो, तर ओट्याशी पेला पुसत त्यांनी सुरुवातीची चार-पाच वाक्यं म्हटली. अंगावर काटा आला माझ्या. मग पेला ठेवून म्हणाल्या, "उरलेलं रविवारी."

आणि तो रविवार. शाळेचा हॉल पाच वाजता रिकामा करून द्यायचा होता. सूत्रसंचालन माझ्याकडे. दीपप्रज्वलन, गणेशवंदना, अध्यक्षांचं मनोगत, मग प्रायोजकांचं मनोगत. एक प्रायोजक बोलला म्हणून दुसराही बोलला. भीड ही भिकेची बहीण… मी कुणालाच चिठ्ठी पाठवली नाही. बाईंना शाल-श्रीफळ दिलं, टाळ्या झाल्या आणि त्या नारळ घेऊन खुर्चीवर बसल्या. सत्कार म्हणजे आपली ओळख करून देणं, आता खरं काम सुरू, असं त्यांना वाटत होतं. आमच्यात सत्कार झाला की माणसाचं काम संपतं, हे त्यांना कोण सांगणार? लकी ड्रॉ झाला तेव्हा पाच वाजायला सहा मिनिटं होती. अध्यक्ष जोगळेकर विंगेतून म्हणाले, "अरे, सिक्युरिटीवाला दोनदा येऊन गेला. खलास कर आता."

"जोगळेकरसाहेब, एडनाबाईंचं राहिलंय."

"त्यांना नेक्स्ट इयर घेऊ. फुल अर्धा तास देऊ, इन्शाल्ला. त्या समजून घेतील रे."

मी माइक उचलला. 'वेळेअभावी' हा शब्द मी आयुष्यात शंभरदा वापरला असेन, तेव्हाही वापरला. वर आभारप्रदर्शन केलं, तेही सविस्तर.

बाहेर बटाटेवडे होते. बाईंनी दोन खाल्ले, सगळ्यांशी हसून बोलल्या. मी त्यांना देराला सोडायला निघालो. खाडीखालचा बोगदा पार झाला. मग त्या म्हणाल्या, "सहा मिनिटांत बसवलं असतं मी. पण तू विचारायला हवं होतंस." आवाज नेहमीचाच होता. मी 'पुढच्या वर्षी नक्की' वगैरे पुटपुटलो. पुढच्या वर्षी मंडळाने गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आणि मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी बाईंच्या हृदयाने त्रास द्यायला सुरुवात केली आणि केरन त्यांना घरी घेऊन गेली. मी जात नव्हतो ते रस्ता लांब म्हणून नाही, मला त्यांच्यासमोर बसायची लाज वाटत होती. हे आज लिहितोय, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला.

दोन आठवड्यांपूर्वी केरनचा फोन आला. कार्यक्रमाच्या दिवशी ती कामासाठी बाहेरगावी होती, इतकंच मला माहीत होतं. तिने विचारलं, आईचा तो प्रवेश तुमच्याकडे रेकॉर्ड केलेला आहे ना? "आई म्हणाली होती, छान झालं. सगळा हॉल उठून उभा राहिला होता." हॉल उभा राहिला होता हे खरं होतं, राष्ट्रगीतासाठी. "शोधतो," म्हणून मी फोन ठेवला.

रेकॉर्डिंग शोधायला काय, कपाटातच होतं. पूर्ण पाहिलं आणि पेन ड्राइव्ह घेऊन या रविवारी रास अल खैमाला गेलो. केरनला दारातच सगळं सांगून टाकलं. तिने लॅपटॉप उघडला. शेवटाकडे मी माइक घेतो. बाई मागच्या खुर्चीवर आहेत, आपलंच नाव येणार अशा खात्रीने. त्या नारळ खाली ठेवतात, शाल उतरवून खुर्चीच्या पाठीवर टाकतात, ओल्या हातांना पुसावं तसे दोन्ही हात स्कर्टला पुसतात आणि उठतात. उठते ती एडनाबाई नसते, थकलेली खानावळवाली असते. खांदे उतरलेली, नजर शेवटच्या रांगेपर्यंत गेलेली. एक पाऊल पुढे येतात. मग माझं वाक्य पुरं होतं. त्या थांबतात, खाली बसतात आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवतात.

"हीच एन्ट्री," केरन म्हणाली. "लहानपणी ती मला घरी करून दाखवायची. पुन्हा लावा."

आम्ही ते तीनदा पाहिलं. चौथ्यांदा मी आवाज बंद केला, कारण तिथे मी बोलत होतो.