बोहनीचं गिऱ्हाईक

सोळा जून, सोमवार. रक्कम पन्नास रुपये. हजर चौघे: मी, मुलीचे वडील, वर्गाच्या बाई आणि मुलगी. जागा जळगावातल्या विशेष मुलांच्या शाळेतला वर्ग. तिथे दर जूनमध्ये आम्हाला लहान मुलांच्या खुर्च्यांवर बसवतात आणि उठताना माझे गुडघे बोलतात.

बैठक होती वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याची. वर्षभरात या मुलीला काय शिकवायचं, कोणी शिकवायचं आणि ते आलं की नाही हे कसं ठरवायचं, हे त्यात लिहितात. खाली पालकांची सही. आमचा हा अकरावा आराखडा होता. सुरुवातीच्या वर्षांत बाईंनी विचारलं की आम्ही लांबलचक सांगायचो: वाचता यावं, शंभरपर्यंत अंक यावेत, बोलणं स्पष्ट व्हावं. मग यादी आखडत गेली. शर्टाची बटणं. पेला न सांडता आणणं. रस्त्याच्या कडेला थांबणं. या वर्षी एकच ओळ उरली: ‘पन्नास रुपयांपर्यंतची खरेदी स्वतः करेल, पैसे देईल, उरलेले घरी आणेल.’

एकच ओळ असण्याला कारण होतं. येत्या मे महिन्यात मुलगी अठरा पूर्ण करणार होती, आणि अठरानंतर शाळा संपते. जळगावात कार्यशाळेत जागा नव्हती. धुळ्यात एक संस्था अशा मुलांकडून कागदी पिशव्या आणि मेणबत्त्या करून घेते, आणि माझी नणंद तिथून दोन गल्ल्यांवर राहते. नणंद म्हणाली, “ठेवून घेते, पण मी नोकरीवर जाते. तिला एकटीनं जावं-यावं लागेल, दुपारी काही खावंसं वाटलं तर आपलं आपण घ्यावं लागेल.” संस्थेची अटही तीच होती. जमलं तर धुळे, नाहीतर घर. घर म्हणजे हे सकाळी वरणगावच्या कारखान्यात, मी डाळमिलमध्ये हिशेबाला, आणि ती संध्याकाळपर्यंत टीव्हीसमोर.

बाईंनी पद्धत सांगितली. रोज एक नोट, रोज एक-दोन वस्तू, रोज तेच दुकान. फ्रिजवरच्या डब्यात पन्नासच्या नोटा ठेवायच्या. परत आलेले पैसे तिने स्वतः त्याच डब्यात टाकायचे.

दुकान आमच्या पिंप्राळ्यातलंच, कोपऱ्यावरचं. शेटजींचे आजोबा राजस्थानातून आले. शेटजी आता आमच्यापेक्षा अस्सल खानदेशी बोलतात, आणि मुलीला ती रांगत होती तेव्हापासून ओळखतात. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “काळजी करू नका वहिनी, पोर माझ्याकडे आली म्हणजे घरीच आली.”

ते खरंच तसं समजत होते, हे माझ्या लक्षात यायला सहा महिने लागले.

रोज संध्याकाळी मुलगी पिशवी घेऊन जायची आणि बिस्किटं, साबण, जिऱ्याची पुडी असं काहीतरी घेऊन यायची. मी कामावरून यायची तोवर वस्तू ओट्यावर असायची. मी शाळेच्या तक्त्यावर बरोबरची खूण करायची. नोव्हेंबरपर्यंत तक्ता भरला. बाई खूश झाल्या. अकरा वर्षांत पहिल्यांदा एखादी ओळ मुदतीच्या आत पुरी होत होती, आणि मला त्या आनंदाला काही विचारावंसं वाटलं नाही.

डिसेंबरात आम्ही तिघं एसटीने धुळ्याला गेलो. संस्थेच्या मॅडमनी कागद बाजूला ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, “समोरच्या टपरीवरून दोन चहा आण.” हातात पन्नासची नोट दिली. आम्ही खिडकीशी उभे राहिलो.

ती गेली. दोन बोटं दाखवली. नोट दिली. इथवर सगळं ठीक होतं. टपरीवाल्याने दहाच्या तीन नोटा पुढे केल्या. तिने हात मागे घेतला. त्याने पुन्हा दिल्या. ती म्हणाली, “माझी नोट.” तो म्हणाला, “ही काय, तीस रुपये.” ती म्हणाली, “माझी नोट दे.” मग मागच्या गिऱ्हाइकांची गर्दी वाढली आणि तिने टपरीची फळी धरून रडायला सुरुवात केली. हे धावत गेले. चहा तिथेच राहिला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, “घरी कोणीतरी हिला दिलेली नोट परत देतं.”

“शक्यच नाही,” मी म्हटलं.

घरी आल्यावर मी डबा उघडला. जूनमध्ये ठेवलेल्या नोटा होत्या तशा होत्या.

“तुम्ही टाकत होतात ना यात?” मी विचारलं.

“मला वाटलं तू टाकतेस,” हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. शेटजी गोणीतली साखर काढत होते. मी विचारलं, “मुलीकडून पैसे घेता का?”

“वहिनी, तिच्याकडून काय पैसे घ्यायचे? वस्तू देतो, नोट परत पिशवीत घालतो. हरवायला नको म्हणून घडी करून.”

“मग खात्यावर का नाही लिहिलं?”

“दहा-वीस रुपयांचं काय लिहायचं?”

मी त्यांना धुळ्याचा प्रसंग सांगितला. ते साखरेचं माप हातात धरून ऐकत राहिले. दुकानाच्या पायरीवर आमच्या गल्लीतला रिक्षावाला बसला होता. तो म्हणाला, “मी बी नही लेत तिना पैसा. पोर आपलीच शे.” म्हणजे शाळेची रिक्षा चुकल्यावर त्यानेही तिला फुकटच नेलं होतं. मला त्या दोघांवर रागावताही येईना. आम्ही तिला गल्लीत रुळवायला इतकी वर्षं घालवली, आणि ती रुळली होती.

मी अंदाजे हिशेब केला आणि दोन हजार रुपये काउंटरवर ठेवले.

“हे घेऊन मी काय बंगला बांधू?” शेटजी म्हणाले.

“घ्या. नाहीतर मी दुसऱ्या दुकानात पाठवेन तिला.”

त्यांनी नोटा उचलल्या आणि माझ्यादेखत काउंटरवरच्या गोशाळेच्या पेटीत एकेक करून कोंबल्या.

त्या संध्याकाळपासून त्यांनी पैसे घ्यायचे ठरलं. पहिल्याच दिवशी मुलगी रिकाम्या पिशवीनिशी, रडून लाल होऊन परत आली. पाठोपाठ शेटजी नोट घेऊन दारात. “पायरीवर बसून राहिली हो. ‘काका चोर’ म्हणाली मला. चार लोकांसमोर. हे मला जमणार नाही.”

“जमवावं लागेल,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी वीस घेतले आणि मग मागून गल्लीतल्या कुणाच्या तरी हाती वीस घरी पाठवले. मी परत केले. त्यांनी पुन्हा पाठवले. आठवडाभर एकच नोट कोपऱ्यावरून घरी आणि घरून कोपऱ्यावर फिरत होती. मी डाळमिलमध्ये लाखांचे आकडे जुळवत होते आणि वीस रुपये जुळत नव्हते.

शेवटी वाट शेटजींनीच काढली. रविवारी दुपारी येऊन बसले, चहा अर्धा पिऊन म्हणाले, “तिला संध्याकाळी पाठवू नका. सकाळी पाठवा, सातच्या आत. मी शटर उघडायच्या वेळी.”

“त्यानं काय होईल?”

“बोहनी होईल. दिवसाची पहिली विक्री. बोहनी उधार देत नाही, सोडत नाही, आणि आलेला पैसा परत जाऊ देत नाही. बापानंही दिलं तर ठेवून घेतो. मग माझा हातच वळणार नाही.”

“आणि ती चोर म्हणाली तर?”

“बोहनीला कोणी वाईट बोललं तर दिवस खराब जातो,” ते म्हणाले. उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, “जाऊ दे. जाईल खराब.”

जानेवारीपासून मी पहाटे साडेपाचला उठू लागले. मुलीला उठवणं, आंघोळ, वेणी, पिशवी, आणि सात वाजायच्या आधी कोपऱ्यावर. मी विजेच्या खांबाआड थांबायची. शेटजी शटर वर करायचे, उदबत्ती लावायचे, आणि पहिली नोट तिची. ते ती कपाळाला लावायचे आणि गल्ल्यात टाकायचे. मग सुटे तिच्या हातावर ठेवायचे आणि तोंड वळवून फडताळ पुसायला लागायचे. काही दिवस शिव्यांचे गेले, काही रडण्याचे. नंतर ती गप्प झाली. पूर्वी ती लांबूनच “काका” म्हणून हाक मारायची. ती हाक बंद झाली. शेटजींनी एकदा विचारलं, “अजून रागावलीये का माझ्यावर?” मी म्हटलं, “सांगता येत नाही.” ते खरंच सांगता येत नव्हतं.

मार्चमध्ये पुन्हा धुळे. तीच खिडकी, तोच टपरीवाला. तिने पन्नास दिले. त्याने दहाच्या तीन नोटा दिल्या. तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मागचा माणूस “चला ताई, चला” म्हणाला. तिने नोटा मोजल्या, एक, दोन, तीन, आणि पर्समध्ये ठेवल्या. एक चहा येताना अर्धा सांडला.

मॅडम म्हणाल्या, “नोटा मोजल्या, रुपये नाही.”

“हो,” मी म्हटलं.

“चालेल. जूनपासून आणा.”

मला फार आनंद होईल असं वाटलं होतं. झाला असेल, पण गाडीत बसल्याबरोबर मी झोपले आणि जळगाव आल्यावर ह्यांनी उठवलं. वाटेत ह्यांनी नणंदेला फोन केला होता. तिने मुलीसाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा करायला घेतला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखं गेलो. त्या दिवशी मी खांबाआड थांबले नाही, दुकानापर्यंत गेले आणि शेटजींना सांगितलं.

“म्हणजे जूनपासून माझी बोहनी गेली,” ते म्हणाले.

“अजून अडीच महिने आहेत.”

“हां. अडीच महिने आहेत.” त्यांनी उदबत्ती फिरवली, मुलीसमोर साखर आणि चहाची पुडी ठेवली, आणि किंमत सांगितली. तिने नोट दिली. हात पुढे धरला. त्यांनी अठ्ठावीस रुपये हातावर ठेवले. ती नाणी आणि नोटा मुठीत घेऊन वळली.

बावीस रुपये, शेटजींना. त्यांनी ठेवून घेतले.