खंडेनवमीला सलीम कुठं होता?

"अतिरेक्यासाठी एसटीचे धक्के खाणारी आपल्या घराण्यातली तू पहिलीच," साताऱ्याच्या स्टँडवर मला सोडायला आलेले माझे थोरले बंधू म्हणाले. मी म्हटलं, "दादा, अतिरेकी आहे की नाही ते कोर्टाला ठरवू दे. चार वर्षं झाली, अजून खटला उभा राहिलेला नाही. तुम्ही मात्र निकाल लावून मोकळे!" दादांनी माझी पिशवी वर चढवली आणि खिडकीशी येऊन पाण्याची बाटली दिली. माणूस वाईट नाही, बातम्या फार बघतो.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. खटल्याविना तुरुंगात पडलेल्यांसाठी आम्ही पाच-सहा जण साताऱ्यात एक छोटी समिती चालवतो. सलीम हा त्यांतला एक. राहणारा निपाणीचा, काम सांधणीचं (मागावरचा जुना ताणा संपत आला की त्याच्या तारांना नव्या ताण्याच्या तारा एकेक गाठ मारून जोडायच्या). चार वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या दिवशी तो दूरच्या एका शहरातल्या लॉजवर कट शिजवत बसला होता, असं पोलिसांचं म्हणणं. त्यानं ज्याच्याकडून जुनी मोटारसायकल घेतली, त्या माणसाला पकडलं, त्याच्या मोबाइलमध्ये सलीमचा नंबर निघाला, आणि याला उचललं. सलीमचा स्वतःचा मोबाइल त्या आठवड्यात पाण्यात पडून बंद होता. पोलिस म्हणतात, मुद्दाम बंद ठेवला.

सलीम पहिल्या दिवसापासून एकच सांगतो आहे, "मी बेळगावच्या वडगावात, विणकर ईश्वरअण्णांच्या घरी सांधणी करत होतो." आणि ईश्वरअण्णांनी पोलिसांना लिहून दिलं आहे की त्या दिवशी कोणीही आलं नव्हतं. आता जामिनाची सुनावणी तोंडावर आलेली. अण्णांचा खरा जबाब मिळाला तर सलीमच्या वकीलबाईंच्या हातात काहीतरी पडेल, नाहीतर सलीम आणखी किती वर्षं आत राहील ते कोणी सांगू शकत नाही. मी निघाले होते तो जबाब आणायला.

निपाणीत उतरलं की आधी तंबाखूचा वास येतो आणि मग गाव दिसतं. सलीमची बहीण हसीना विड्या वळते. तिच्या घरी सुपात पानं कापून ठेवलेली, कोपऱ्यात तंबाखूचा डबा, आणि मी दारात पाय ठेवल्यापासून शिंका देतेय. सात झाल्या. आठवीला हसीना हसली आणि म्हणाली, "ताई, तुमी भायेरच बसा. च्या भायेर आनती."

चहा पिऊन आम्ही दोघी स्टँडवर पत्रकं वाटायला गेलो. एका बाजूला मराठी, एका बाजूला कानडी. बहुतेकांनी घेतली, काहींनी घडी घालून खिशात टाकली. पांढऱ्या शर्टातल्या एका गृहस्थानं मात्र वाचलं आणि माझ्यासमोर उभं राहून फाडलं. "बाई, शिकल्यासवरल्या दिसता. अतिरेक्याची बाजू घ्यायला लाज न्हाय वाटत?"

"वाटते ना," मी म्हटलं, "चार वर्षं विनाखटला माणूस डांबून ठेवतात आणि तुम्ही-आम्ही बाजारहाट करत फिरतो, याची वाटते. त्याला सोडा असं कुठं लिहिलंय? खटला चालवा, एवढंच लिहिलंय. हे घ्या दुसरं. हेही फाडा. पिशवीत तीनशे आहेत." त्यानं दुसरं घेतलं नाही. पण बाकावरच्या एका म्हातारीनं हात पुढं केला. "मला दे गं. नातवाकडनं वाचून घीन."

बेळगावच्या बसमध्ये माझी फजिती झाली. इथं कर्नाटकात बायकांना प्रवास फुकट. मी ऐटीत आधार कार्ड काढलं. कंडक्टरनं ते उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, तुमी महाराष्ट्राच्या. तुमाला तिकीट पडतंय." हसीना खिडकीकडं तोंड करून हसत होती. मी म्हटलं, "हस, हस. सीमाप्रश्नाचा मला आज पहिल्यांदा चटका बसला." संकेश्वरपर्यंत आमचा वेळ बरा गेला. पुढं हसीना पिशवीतली पत्रकं उगीच मोजत बसली. ती याआधी दोनदा अण्णांच्या दारात जाऊन आली होती. दोन्ही वेळा दार उघडलं नव्हतं.

वडगावात रिक्षातून उतरलं की बोलण्याआधी मागांचा आवाज कानात शिरतो. घराघरात यंत्रमाग, पुढच्या खोलीत संसार, मागच्या खोलीत खटाखट. ईश्वरअण्णांचं घर विठोबाच्या देवळाला लागून. अण्णा साठीचे, खांद्यावर टॉवेल, कपाळाला गंध. हसीनाला बघून त्यांचा चेहरा पडला. माझ्याकडं बघून ते म्हणाले, "कशाला आलासा, मला ठावं हाय. मी सांगायचं ते सांगितलंय. आला न्हवता तो." पण परगावच्या बाईला दारातून घालवायचं त्यांच्या आक्कांना, म्हणजे बायकोला, बरं वाटेना. "च्या तर घ्या," म्हणून त्यांनी आम्हाला आत घेतलं.

माग जवळून बघावा म्हणून मी मागच्या खोलीत पाय टाकला, तर आक्का केवढ्यांदा ओरडल्या! "चप्पल! चप्पल काडा आदी! हितं देव हाय आमचा!" मी ओशाळून चपला बाहेर ठेवल्या आणि मागाला हात जोडले. त्यानं आक्कांचा राग लगेच उतरला. त्या सांगू लागल्या. खंडेनवमीला मागाची पूजा करायची, हळदीकुंकू वाहायचं, कडबूचा नैवेद्य दाखवायचा (पुरण भरून तळलेल्या करंज्या), आणि मग दसऱ्याची सकाळ उजाडेपर्यंत कोणी तारेला हात लावायचा नाही. "लावला तर वरीसभर तारा तुटत्यात, म्हनत्यात. आमच्या गल्लीत कोन लावत न्हाय. पूजेचा मान तर आमच्याच घरात."

माझं डोकं बँकेतलं, तारखेपाशी अडकलं. म्हटलं, "अण्णा, मग सलीम सांधणीला नेमका त्याच दिवशी कसा येईल?"

अण्णांनी पुढं होऊन चालू माग बंद केला. "तेच म्हंतोय मी! न्हाय आला."

हसीना तोपर्यंत मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. तिथूनच ती म्हणाली, "अण्णा, माजा भाऊ त्या रातीला तुमच्या घरचे कडबू घिऊन आलता. केळीच्या पानात बांदल्याले. मी खाल्लेत. पोलिसांना सांगितलं तर त्यांनी लिवूनबी घेतलं न्हाय."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मग अगदी हळू म्हणाल्या, "पाच दिलते बांदून."

त्यानंतर अण्णा जे बोलले ते मी तसंच्या तसं लिहिते आहे. "दिवाळीचा माल द्यायचा होता. बीमावरला ताना संपलाला. सांधणीला आवाज येत न्हाय, दार लावून बसवला सलीमला. कोनाला कळायचं न्हवतं. पुडं पंधरा दिवसांनी पोलिसांची जीप आली. देवळाच्या कट्ट्यावर सगळी गल्ली गोळा. सायेब इचारतोय, नवमीला तुमच्या मागावर काम चाललं काय? कोन आलतं काय? काय सांगू, बाई? पूजेचा मान माझा, आनि देवाच्या दिवशी मीच तारंला हात लावू दिला म्हनून सांगू? तो कशासाटी इचारतोय, मला काय ठावं! म्हटलं, न्हाय. माग बंद. कोन आलं न्हाय. सही केली. सलीमला धरलंय हे मला आठ दिवसांनी कळलं."

"कळल्यावर?"

"कळल्यावर भ्यालो."

मला संताप आला. पोलिसांच्या धाकानं खोटं बोलला असता तर मी समजले असते. हा माणूस शेजाऱ्यांच्या भीतीनं खोटं बोलला होता! मी म्हटलं, "तुमचा मान राहिला, अण्णा. आणि त्याची चार वर्षं गेली." ते उठले आणि दाराकडं हात करून म्हणाले, "जावा आता तुमी." चहा तसाच राहिला.

मुक्काम बेळगावातच, टिळकवाडीत वकीलबाईंच्या घरी होता. त्यांनी प्रेमानं कुंदा पुढं केला, बेळगावचा खव्याचा कुंदा, ज्यासाठी लोक वाट वाकडी करतात, पण आम्ही दोघींनी वाट्या बाजूला सारल्या. "साक्षीदाराला ओढत आणता येत नाही," वकीलबाई म्हणाल्या. हसीना म्हणाली, "मला येतंय. सकाळी बगा." मला वाटलं, ही खरंच ओढून आणेल.

सकाळी आठला आक्कांचा फोन आला. "या. बेगीन या. रातभर झोपलं न्हाईत हे."

वडगावात रिक्षा थांबली आणि मला चुकल्यासारखं वाटलं. गल्लीत आवाजच नव्हता. सगळे माग बंद. देवळाच्या कट्ट्यावर पन्नासेक माणसं जमलेली आणि मधे ईश्वरअण्णा उभे. आम्ही पोचलो तेव्हा त्यांचं सांगून झालं होतं, पण आम्हाला बघून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. नवमीला मी दार लावून सांधणी करवली. सलीम सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या घरात होता. मी पोलिसांना खोटं सांगितलं.

एक जण म्हणाला, "अण्णा, त्या मुसलमानासाटी आपल्या गल्लीचं नाव घालवनार व्हय?"

"गल्लीचं कशाला जातंय रं? खोटं मी बोललोय, नाव माजं जाऊ दे."

"पोलिस तुलाच आत घालत्यात बग."

"घालू देत की. जागा तरी कळंल मला, पोरगं कुटं हाय ती."

एक म्हातारबुवा पुटपुटले, "देव कोपंल." तर आक्का पदर खोचून पुढं आल्या. "कोपायचा आसंल तर चार वर्सांमागंच कोपला आसंल. तवापासनं आमच्या घरात एकाचं एकाला धड बोलनं न्हाय!"

आणि मग अण्णांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, परशराम, कट्ट्यावरून उतरला. खाली बघत म्हणाला, "अण्णा, सलीमला मी बघिटलंय त्या दिवशी. तुज्या मागल्या दारात उभा ऱ्हाऊन च्या पीत हुता."

"आनि चार वर्सं बोलला न्हाईस?"

"कसा बोलू? नवमीला तू मागाच्या खोलीत काय करत हुतास, असं गल्ली इचारनार. मीबी दार लावून तुटल्याल्या तारा भरत बसलतो न्हवं!"

कुणीतरी फसकन हसलं, आणि बघता बघता अर्धी गल्ली हसू लागली. कोणी कोणाकडं बघेना. त्या नवमीला किती दारं आतून लावलेली होती, ते त्यांच्या चेहऱ्यांवरच दिसत होतं. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू. हसीनाकडं बघितलं आणि थांबले. ती हसत नव्हती. एकेकाचा चेहरा निरखून बघत होती.

दुपारी टिळकवाडीत दोघांची प्रतिज्ञापत्रं तयार झाली. वकीलबाईंनी अण्णांना बजावलं, "आधीच्या जबाबाच्या उलट सांगताय. उलटतपासणीत सोलून काढतील. तुमच्यावरही कारवाई होऊ शकते." अण्णा म्हणाले, "सही कुटं करू ते दावा." त्यांनी प्रत्येक पानावर सही केली. परशरामनं मजकूर दोनदा वाचून घेतला आणि मग केली. जाताना अण्णा हसीनासमोर उभे राहिले, हात जोडले. काही बोलायचं होतं त्यांना. हसीनानं कागदांची पिशवी छातीशी धरली आणि ती जिना उतरून गेली.

निपाणीला पोचलो तेव्हा तुरुंगातून सलीमच्या फोनची वेळ झाली होती. आठवड्यातून एकदा, तोही मोजून काही मिनिटं. मलाही ऐकू यावं म्हणून हसीनानं फोन विड्यांच्या सुपात ठेवून स्पीकर लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. मग सलीम म्हणाला, "अण्णा सोता आलते? सही केली?"

"केली."

"मग अण्णांना सांग, माज्या मनात काय न्हाय."

मी ते ऐकून डोळे पुसले. हसीनानं नाही पुसले. ती म्हणाली, "तुज्या मनात नसंल. माज्या मनात हाय. अम्मी तुजी वाट बगत गेली. मातीला यायला तुला सोडलं न्हाय. आनि त्यांनी कशापायी तोंड उगडलं न्हवतं, तर शेजारी नावं ठेवतील म्हनून! तू भायेर ये आनि तुजं तू माफ कर. मी करनार न्हाय. सुनावनीला त्यांना हाताला धरून नीन, पानी पाजीन, पर माफ न्हाय करनार." पलीकडून सलीम काहीतरी म्हणायला लागला आणि वेळ संपली.

साताऱ्याला उतरले तेव्हा दादा स्टँडवर उभे होते. "सुटला का तुझा सलीम?" नाही सुटला. कागद कोर्टात दाखल होतील, सुनावणी होईल, पुढचं पुढं. रिक्षात मी दादांना सगळं सांगितलं. वडगावचा भाग ऐकताना तेही हसले, आणि शेवटी म्हणाले, "म्हातारा आला ना पण स्वतःहून? मग त्या पोरीनं आता जाऊ द्यावं."

त्यांच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. फोन संपल्यावर निपाणीत हसीनाच्या पाठीवर हात ठेवून मीही हेच म्हणणार होते. 'जाऊ दे गं,' शब्द अगदी जिभेवर आले होते. पण तिनं सूप मांडीवर ओढून पुढची विडी वळायला घेतली होती, आणि तिच्या तोंडाकडं बघून मी ते गिळले. बरं झालं.