मिटलेले डोळे
परवा कपाटात कॅमेऱ्याचा जुना फ्लॅश हाती लागला. चालू केला तर तीच बारीक शिट्टी वाजली आणि मिरजोळ्यातलं मे महिन्यातलं ते लग्न पुन्हा आठवलं. अंगणात मांडव, अबोलीचे गजरे, घामाने भिजलेले शालू. अक्षता पडल्यावर मी नवरा-नवरीला दोन्ही आयांसोबत फोटोसाठी उभं केलं. नवरीची आई विधवा, शिवणकाम करून एकटीने मुलगी वाढवलेली. तिने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला, तोच नवऱ्याची आई म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. पहिल्या फोटोत बरं दिसत नाही." ती बिचारी बाजूला झाली, वर हसून मलाच म्हणाली, "काढा हो, काढा." माझ्या लग्नात माझी आईही अशीच खांबाआड उभी होती. माझं डोकं फिरलं. 'रेडी' म्हटलं की या सासूबाईंची पापणी मिटते, हे मी सकाळपासून बघत होतो, म्हणून जरा थांबून बटण दाबायचो. आता थांबलो नाही. अख्खा रोल तसाच काढला. अल्बममध्ये तिथून पुढच्या प्रत्येक फोटोत सासूबाई झोपलेल्या. दुकानात येऊन त्या तावातावाने भांडल्या, तेव्हा म्हटलं, "काकू, डोळे तुम्हीच मिटलेत." गेल्या महिन्यात ती नवरी दुकानात आली. सासू वारली होती, भिंतीवर लावायला फोटो हवा होता. इतक्या वर्षांनी मलाच वाईट वाटलं. म्हटलं, सकाळच्या रोलमध्ये डोळे उघडे असलेला एक आहे. तिने सोबत आणलेला अल्बम उघडला, तिची आई नसलेल्या त्या पहिल्या फोटोवर बोट ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "नको दादा. हाच मोठा करा."