रिकाम्या व्हॅनची पालखी

ती घटना आठवली, की आजही माझा हात आधी डोक्याकडे जातो आणि मग हसू फुटतं.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बेळगाव भागात फौजदार होतो. गोव्याची चोरटी दारू खानापूरमार्गे निपाणीत उतरत होती आणि आमच्या नाक्यावरचा एक सचोटीचा हवालदार त्यापायी निलंबित झाला होता. लाच घेऊन गाड्या सोडतो, असा आरोप. नोकरी जायची वेळ आलेली.

"सायेब, मी परत्येक गाडीचं बूड बघतो," तो कळवळून सांगे. "माल भरला की मागनं बसतीयाच. बसल्याली एक बी सोडली न्हाय."

खोटं नव्हतं. नाक्यावर आमची सगळ्यांची रीत तीच. गाडी मागून बसलेली दिसली की अडवायची, ताठ असली की सोडायची.

मग खबऱ्यानं खबर आणली. उद्यमबागेतल्या गॅरेजात एकानं आपल्या व्हॅनच्या मागच्या स्प्रिंगचे पोलादी पाटे वाढवून घेतले होते, म्हणजे ओझं भरलं तरी बूड बसायला नको. व्हॅन म्हणजे चालतं घर. झोपायला बर्थ, स्टोव्ह, पाण्याची टाकी. मालक वरचेवर सहकुटुंब गोव्याला देवदर्शनाला जाई.

गोव्याहून परतणारी ती व्हॅन मी नाक्यावर अडवली. बूड ताठ! मालकानं हसत उतरून माझ्या हातावर प्रसाद ठेवला.

"पाटे का वाढवले?"

"घरच घेऊन फिरतो न्हवं साहेब! भांडी, टाकी, त्यात सासूबाई."

"माझं वजन काढताय व्हय जावईबापू?" आतून आवाज आला.

बर्थखालचे कप्पे उघडले. वाकळा, पातेली, लोणच्याची बरणी. झडतीला साक्षीदार म्हणून आणलेले पंच जांभया देऊ लागले. मालक शांत.

आणि मला आमची जीप आठवली. बंदोबस्ताला जवान कोंबून नेता यावेत म्हणून तिचेही पाटे वाढवले होते. भरलेली जीप झकास चाले. मी एकटा बसलो की खड्ड्यात ती बकरीसारखी उडे आणि माझं डोकं टपाला लागे. जादा पाटे ओझ्याशिवाय दबतच नाहीत.

"सगळे उतरा. भांडी, गाद्या बाहेर. टाकी ओता."

रस्त्याकडेला संसार मांडला गेला.

"आता गाडी रिकामी?"

"एकदम रिकामी, साहेब."

मी स्वतः स्टिअरिंगवर बसलो, मागे एका पंचाला बसवलं आणि पुढच्या आडव्या चरावर व्हॅन घातली. पालखीसारखी डुलत गेली! वळवून जोरात आणली. मागे पंच तंबाखू मळत होता, त्याची चिमूटसुद्धा सांडली नाही.

"पहार आणा रे!"

तळाच्या फळ्या उचकटल्या. खाली दुसरा तळ आणि गवतात निजवलेल्या बाटल्याच बाटल्या. मालक रस्त्यावरच्या गादीवर मटकन बसला.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आन् मी म्हणतीया, ह्यास्नी देव पावतोय!"

ठाण्यात त्याला बोलतं करायला फार वेळ लागला नाही. "तुम्ही बूड बघता हे सगळ्या रस्त्याला ठाऊक हाय, साहेब. हवालदार एक पैसा घेत न्हवता. म्हणून तर पाट्यांवर खर्च केला." हा जबाब मी वर पाठवला आणि हवालदार पुन्हा वर्दीत आला.

आपण रोज जिथं नजर टाकतो, ती जागा चोर आधी नीट करून ठेवतो. म्हणून पुढे चौकशीत मी माणसालाही एखाद्या खड्ड्यातून नेत असे. निरपराध माणूस उडतो, चिडतो, माझ्यावर ओरडतो. ज्याला धक्काच लागत नाही, त्याच्या तळाची फळी उचलून बघावी.